अकरा महिन्यांची घरमालकी

बोरिवली किंवा मुलुंडमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारात दिवेलागणीला उभं राहून वर पाहिलं, तर दोन-चार खिडक्या हमखास अंधारात असतात. घरं चांगली असतात, नळाला पाणी असतं, मेंटेनन्सही वेळच्या वेळी भरला जातो. फक्त आत कोणी राहत नाही. मालक पुण्याला किंवा परदेशात असतो, नाहीतर त्याच गल्लीतल्या मोठ्या घरात. जागा भाड्याने का देत नाही, असं विचारलं की पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्तर मिळतं: भाडेकरू घुसला की घर गेलं. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने २०११ च्या जनगणनेच्या आधारे मुंबईतल्या रिकाम्या घरांचा आकडा सुमारे ४.८ लाख दिला होता. देशातल्या शहरांमध्ये तो सर्वाधिक होता. ही सगळी घरं भीतीपोटी बंद होती असं कोणी म्हणणार नाही. काही विकली न गेलेली, काही वारसांच्या वादात अडकलेली असणारच. त्या पाहणीनेही संभाव्य कारणं तीन सांगितली: मालकी हक्कातला घोळ, करारांची ढिली अंमलबजावणी आणि भाड्यातून मिळणारा अल्प परतावा. उपनगरात एखाददुसरी जागा भाड्याने देऊ पाहणारा नवखा घरमालक यातल्या दुसऱ्या कारणाला जीव मुठीत धरून घाबरतो आणि तिसऱ्याचा हिशेबच मांडत नाही. हा क्रम उलटा हवा, असं माझं म्हणणं आहे. भाडेकरूची भीती ज्या कायद्यातून आली तो कायदा जाऊन पंचवीस वर्षं झाली. परताव्याचं गणित मात्र आजही तितकंच कडक आहे, आणि कर्ज काढून दुसरं घर घेणारी मध्यमवर्गीय कुटुंबं त्यातच अडकतात.

भीती उगाच आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईतली भाडी गोठवली गेली, आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण मानलं. युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, राज्य बदललं, पण भाडं तिथेच राहिलं. भाडेकरूच्या पश्चात त्याच्या घरच्यांना तोच हक्क मिळत गेला. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडणं परवडेना, म्हणून पागडीचा, म्हणजे भाडेकरूपणाचा हक्क एकरकमी पैसे घेऊन देण्याचा, व्यवहार रुजला. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. तोवर भाड्याने देण्यासाठी चाळ बांधावी, हा विचार पैसेवाल्यांच्या डोक्यातून जवळजवळ गेलाच होता. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिका कायदा आल्यावर उपनगर वाढलं ते ओनरशिपच्या जोरावर. मधल्या काळात ज्यांना थोड्या मुदतीसाठी जागा द्यायची होती त्यांनी एक पळवाट काढली. भाडेपट्टा करायचाच नाही, नुसती राहण्याची परवानगी द्यायची. यालाच लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. पण १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेली माणसं कायद्याने भाडेकरू मानली गेली. ज्याने वर्षभरासाठी म्हणून किल्ली दिली होती त्याच्या हातून जागा कायमची गेली. घराघरांत सांगितली जाणारी 'घर गेलं' ही गोष्ट मुख्यतः त्या काळातली आहे. ती खोटी नव्हती.

पुढे काय झालं, हे मात्र त्या गोष्टीत सांगितलं जात नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं, की १९४० सालात गोठवलेलं भाडं आता वाजवी म्हणता येणार नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्याने बऱ्याच अंशी तसंच ठेवलं, पण राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेसाठी वेगळी, छोटी वाट आखून दिली. कलम २४ सांगतं की मुदत संपली की जागा परत द्यायची. न दिल्यास मालकाने दिवाणी न्यायालयाच्या लांब रांगेत न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मुदत संपली आहे एवढी खात्री पटली की तो ताबा सोडण्याचा आदेश देतो, आणि जागा अडवून ठेवल्याच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई लायसन्सधारकाकडून घेता येते. समन्स हाती पडल्यावर बाजू लढवायची असेल तर त्याला तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र करून परवानगी मागावी लागते. लेखी करारात जे लिहिलंय ते त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानलं जातं. म्हणजे 'मी भाडेकरूच आहे, करार नुसता दाखवायला होता' हा जुन्या काळचा बचाव आता चालत नाही.

पण हे सगळं बळ एका कागदावर उभं आहे, आणि नवखा मालक नेमकी त्या कागदातच काटकसर करतो. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे वाक्य उपनगरातल्या प्रत्येक इस्टेट एजंटच्या तोंडी असतं. देशाच्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाच्या आतला भाडेपट्टा सक्तीने नोंदवावा लागत नाही, अकरा महिन्यांचा आकडा आला तो तिथून. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ लागू आहे. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट ही की वाद झाल्यास अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्प पेपर कपाटात ठेवून निश्चिंत झालेला मालक खरं तर आपली सगळी बाजू भाडेकरूच्या हाती देऊन बसलेला असतो.

या कागदाला लागतं तरी किती? मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत करायच्या अनामतीवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. महिना २७,००० रुपये भाडं आणि एक लाख अनामत असली, तर अकरा महिन्यांचं भाडं २,९७,००० आणि व्याज साधारण ९,२००. त्याचा पाव टक्का म्हणजे पावणेआठशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन नोंदणी करून देणारा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन घरीच येतो. मालक, लायसन्सधारक आणि दोन साक्षीदार एकेक करून आधार क्रमांक सांगतात, काचेवर अंगठा ठेवतात, कॅमेऱ्याकडे बघतात. वयस्कर मालकाचे ठसे पुसट झालेले असतात, म्हणून बोट ओल्या फडक्याने पुसून तीन-चारदा टेकवावं लागतं, कधी अंगठ्याऐवजी तर्जनी. अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. एक कोटीच्या जागेचा ताबा या अर्ध्या तासाच्या आणि दोन-अडीच हजारांच्या खर्चाच्या भरवशावर असतो.

यावर अनुभवी माणूस लगेच म्हणेल, की कायदा कागदावर ठीक आहे, पण आदेश मिळायला आणि त्याची अंमलबजावणी व्हायला वेळ लागतोच, शिवाय मधल्या काळात भाडं थकतं त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. ही वाट छोटी आहे, पण ती काही आठवड्यांत संपेल अशा भ्रमात राहू नये. दुसरं असं, की कलम २४ ची धार मुदत संपल्यावर चालते, भाडेकरूने मध्येच भाडं बंद केलं तर करारातल्या अटीनुसार आधी नोटीस देऊन लायसन्स संपवावं लागतं. म्हणूनच अनोळखी माणसाशी पहिला करार अकरा महिन्यांचाच बरा. तो नोंदणी टाळण्यासाठी नव्हे, तर मुदतीची रेघ जवळ असावी म्हणून. तोच माणूस टिकला, पटला, की पुढचा करार चोवीस महिन्यांचा करायला हरकत नाही. आणि उशिराच्या काळात आधार असतो तो अनामतीचा. भाडं थकल्यापासून जागा हाती येईपर्यंतचे महिने आणि तुटफूट यांचा अंदाज बांधून ती ठरवावी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढ्या अनामतीची मर्यादा सुचवली आहे. उपनगरात तीन-चार महिन्यांची घेतली जाते, आणि सावध मालकाला तेवढी लागतेच. अनामत बँकेतून घ्यावी. वीस हजार किंवा त्याहून जास्त ठेव रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही.

अनामतीवरून हेवी डिपॉझिटचा विषय निघतो, आणि तिथे मालकाने जास्त सावध व्हावं. भाडेकरू आठ-दहा लाख एकरकमी देतो, भाडं नाममात्र किंवा शून्य असतं, मालक त्या पैशावर व्याज कमावतो आणि मुदत संपली की रक्कम परत करतो. दर महिन्याला भाडं मागायची कटकट नाही, म्हणून दोघांनाही हा व्यवहार सोयीचा वाटतो. पण ही रक्कम मालकाचं उत्पन्न नाही, त्याच्यावरचं कर्ज आहे. ती मुलीच्या लग्नात किंवा दुसऱ्या फ्लॅटच्या टोकनमध्ये गेली, की अकरा महिन्यांनी परत देण्यासाठी तेवढंच डिपॉझिट देणारा नवा भाडेकरू शोधावा लागतो. दक्षिण कोरियात 'चॉन्से' नावाची हीच पद्धत देशभर चालते. घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम ठेव म्हणून द्यायची आणि दोन वर्षं भाडं न देता राहायचं. २०२२-२३ मध्ये तिथे किमती उतरल्या, नवे भाडेकरू कमी ठेव देऊ लागले, आणि एकाची ठेव दुसऱ्याला देत अनेक घरं घेऊन बसलेल्या मालकांना जुन्या ठेवी परत करता आल्या नाहीत. हजारो कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. हेवी डिपॉझिट घ्यायचंच तर ते त्याच दिवशी मुदत ठेवीत टाकावं आणि तिथून हलवू नये.

आता हिशेब, ज्याला खरं घाबरायला हवं. समजा, बोरिवली पूर्वेला जुन्या इमारतीतला वन बीएचके एक कोटीला मिळाला. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट सहा टक्के, म्हणजे सहा लाख (घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी). नोंदणी फी तीस हजार. एजंटची दलाली एक टक्का धरली तर एक लाख. रंग, गिझर, पंखे, ओट्याखालच्या ट्रॉल्या, नळ असं सगळं किरकोळ म्हणता म्हणता दोन लाख. घर पडलं १,०९,३०,००० रुपयांना. भाडं २७,००० धरलं तर वर्षाचं ३,२४,०००, म्हणजे एक कोटीवर सव्वातीन टक्के. हाच आकडा एजंट सांगतो. पण वर्षाकाठी एक महिना जागा रिकामी राहील असं धरावं, म्हणजे हाती आले २,९७,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजारांनी ४२,०००, मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते त्या बिगर-वहिवाट शुल्काचे तीनेक हजार, नवा भाडेकरू आणल्याबद्दल एजंटला एका महिन्याचं भाडं २७,००० आणि रंगाचा हात, गळका नळ, करार यांसाठी १५,००० वजा करा. उरतात २,१०,०००. घातलेल्या पैशावर हा परतावा दोन टक्क्यांहूनही कमी. बँकेतल्या साध्या मुदत ठेवीचा दरही याच्या दुपटी-तिपटीने असतो.

कर्ज काढून हेच घर घेतलं तर चित्र आणखी बिघडतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त देऊ शकत नाही. म्हणजे पंचवीस लाख आणि वरचे नऊ लाख तीस हजार पदरचे. उरलेल्या ७५ लाखांवर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता महिना ६५,००० च्या आसपास बसतो. भाडं २७,०००. दर महिन्याला ३८,००० रुपये पगारातून घालायचे, त्यावर मेंटेनन्स वेगळा, आणि जागा रिकामी असेल त्या महिन्यात पूर्ण हप्ता अंगावर. 'भाड्यातून हप्ता सुटेल' हे वाक्य मुंबई उपनगरात या दरांना खरं होत नाही. पहिल्या वर्षी हप्त्यांतले सव्वासहा लाखांहून जास्त रुपये नुसत्या व्याजाचे असतात. आयकरात हे व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं, पण उरलेला तोटा पगारातून वजा करायला जुन्या करपद्धतीत वर्षाला दोन लाखांचीच मुभा आहे, नव्या पद्धतीत तेवढीही नाही. कर वाचेल म्हणून दुसरं घर घ्या, हा सल्ला पंधरा वर्षांपूर्वी देणाऱ्याने आज तो परत द्यायच्या आधी हे तपासायला हवं.

'पण घराची किंमत वाढते ना!' या आक्षेपाला उडवून लावता येणार नाही. १९९० च्या आसपास कांदिवली-बोरिवलीत घर घेतलेल्यांना त्याची किंमत कैक पटींनी वाढलेली दिसली आहे, आणि ती भाड्याने नव्हे तर जमिनीच्या टंचाईने, रेल्वेने आणि आता मेट्रोने वाढवली. तरीही ही वाढ सरळ रेषेत येत नाही. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात उपनगरातल्या बऱ्याच भागांत किमती वर्षानुवर्षं जागच्या जागी होत्या. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये राज्य सरकारला मुद्रांक शुल्क पाचवरून दोन टक्क्यांवर आणून बाजार हलवावा लागला, तो काही तेजीचा काळ नव्हता. त्या सुस्त वर्षांत ज्याच्या डोक्यावर हप्ता होता तो अडचणीत विकून मोकळा झाला, आणि ज्याच्यावर नव्हता तो थांबू शकला. म्हणजे किंमतवाढ मिळते ती थांबू शकणाऱ्याला, आणि भाड्याचं खरं काम त्याला थांबण्याची ताकद देणं हे आहे. भाडं मेंटेनन्स भरतं, दुरुस्ती करतं, वर थोडी शिल्लक टाकतं. घर विकत घेण्याची ताकद त्यात नाही. एवढं मनाशी पक्कं केलं की सुरुवात कुणी करावी याचं उत्तर आपोआप निघतं.

सुरुवात त्याने करावी ज्याच्याकडे जागा आधीच आहे. आईवडिलांचं घाटकोपरचं घर, पुनर्विकासात वाट्याला आलेला दुसरा फ्लॅट, स्वतः मोठ्या घरात गेल्यावर मागे राहिलेलं वन-रूम-किचन. अशा कुलूपबंद घरांसाठी दोन-अडीच लाखांचं निव्वळ उत्पन्न ही तोट्याची नव्हे, सरळ मिळकतीची बाब आहे, कारण तिथे तुलना बँकेतल्या एक कोटीशी नसून कुलपाशी आहे. कुलूप लावलेल्या घराचा मेंटेनन्स चुकत नाही, पावसाळ्यात बंद खोलीच्या भिंतींना बुरशी धरते, नळ गंजतात. वडिलोपार्जित घर भाड्याने देण्याआधी मात्र मालकीचा घोळ सोडवावा लागतो. शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून नाव चढलं म्हणजे घर आपलं झालं, असा समज सर्रास आहे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने जागा सांभाळणारा. भावंडांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेलं नसेल तर करारावर सही करायचा अधिकारच वादात येतो, आणि भाड्यात वाटा मागणारा चुलतभाऊ भाडेकरूपेक्षा जास्त त्रास देतो. नवीन घर घ्यायचंच असेल तर निदान निम्म्याहून जास्त पैसा आपला असावा, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र असावं, आणि जुन्या सर्व खरेदीखतांची साखळी मुद्रांकासह पूर्ण असावी. ज्याला फक्त भाड्याच्या उत्पन्नात वाटा हवा आहे त्याच्यासाठी २०१९ पासून शेअर बाजारात नोंदलेले रीट आहेत. त्यात कार्यालयांच्या इमारतींचं भाडं छोट्या रकमेवरही मिळतं, आणि गळका नळ दुरुस्त करावा लागत नाही.

करांच्या बाबतीत छोट्या मालकाची स्थिती वाटते तितकी वाईट नाही. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबई महापालिकेचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे, आणि उपनगरातले बहुतेक वन बीएचके त्यात बसतात. आयकरात भाड्याच्या तीस टक्के रक्कम, प्रत्यक्ष खर्च कितीही असो, सरसकट वजा मिळते. महिना पन्नास हजारांवर भाडं असेल तर भाडेकरूने दोन टक्के कर कापून भरायचा असतो. मालक परदेशस्थ असेल तर भाडं कितीही असलं तरी कर कापावा लागतो, आणि तोही जवळपास तीस टक्के. मुलुंड-बोरिवलीतल्या कितीतरी घरांचे मालक अमेरिकेत किंवा आखातात असतात, तरी ही गोष्ट मालक आणि भाडेकरू दोघांनाही सहसा माहीत नसते.

मग कमाई वाढवायची कुठे? भाडं चढं लावून नव्हे, तर जागा रिकामी न ठेवून. वरच्या उदाहरणात २७,००० ऐवजी २९,००० हवेत म्हणून मालक अडून बसला आणि त्यात एक महिना गेला, तर गमावले २७,००० आणि पुढच्या अकरा महिन्यांत कमावले २२,०००. चांगला भाडेकरू जायला निघाला तर एका रिकाम्या महिन्याचं भाडं, नवी दलाली आणि रंगाचा खर्च मिळून साठ-पासष्ट हजारांचा फटका असतो. वर्षाच्या निव्वळ शिल्लकीचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. करार संपताना पाच-दहा टक्के वाढ मागायची पद्धत आहे, पण वेळेवर भाडं भरणाऱ्या, घर नीट ठेवणाऱ्या माणसाकडून तीन टक्के घेऊन त्याला थांबवणं हिशेबात जास्त बसतं. जागेचा स्वभावही ओळखायला हवा. अंधेरीत सीप्झ, एमआयडीसी, विमानतळ आणि वर्सोवा-लोखंडवालाची चित्रसृष्टी यांमुळे मागणी भरपूर, पण माणसं नोकरीमागे लवकर हलतात. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरला राहून अंधेरीत कामाला जाणं सोपं झालं. मुलुंड आणि बोरिवलीत भाडं तुलनेने कमी, पण मुलांची शाळा जवळ असलेलं कुटुंब एकदा आलं की वर्षं काढतं. त्यात हल्ली पुनर्विकासाची भर पडली आहे. इमारत पाडायला गेली की तिथली वीस-पंचवीस कुटुंबं त्याच वॉर्डात दोन-तीन वर्षांसाठी जागा शोधतात आणि त्यांचं भाडं विकासक देतो. यापेक्षा भरवशाचा भाडेकरू क्वचितच मिळतो. मात्र करार त्या कुटुंबाशीच करावा, आणि विकासकाचा पैसा थांबला तरी भाड्याची जबाबदारी त्यांचीच राहील हे त्यात लिहावं.

इथे एका चालीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'फॅमिलीच हवी', 'बॅचलर नको', 'शाकाहारीच', अमुक धर्माचा किंवा जातीचा नको, अशा अटी उपनगरातल्या अनेक सोसायट्यांत उघड सांगितल्या जातात. ते अन्यायाचं आहे, आणि मालकाच्या गळ्यालाही तोच फास आहे, कारण प्रत्येक अटीगणिक भाडेकरूंची रांग आखूड होते आणि रिकामे महिने वाढतात. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सदस्याने भाड्याने देण्याआधी सोसायटीला लेखी कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. परवानगीच्या नावाखाली माणूस नापसंत करण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. तसंच १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने बिगर-वहिवाट शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर थांबवलं आहे, त्याहून जास्त लावलेलं बिल लेखी हरकत घेऊन परत करता येतं. अट घालायचीच तर ती पगाराच्या पुराव्याची, आधीच्या घरमालकाच्या फोनची आणि पोलिसांकडे द्यायच्या माहितीची घालावी. ही माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते, आणि ती न दिल्यास गुन्हा मालकावर नोंदवला जाऊ शकतो.

घर हाती देण्याच्या दिवशी अर्धा तास काढून दोघांनी मिळून खोल्या फिराव्यात. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांचे फोटो आणि विजेच्या मीटरचा आकडा व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवावा. अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीत बिल बहुधा अदानीचं येतं, मुलुंडला महावितरणचं; शेवटचं बिल कोणी भरायचं हा अनामतीतून होणाऱ्या भांडणांचा नेहमीचा विषय असतो. न्हाणीघराचं पाणी खालच्या घराच्या छतातून उतरलं तर तो खर्च सोसायटीचा नसून सदस्याचा, आणि भाडेकरूच्या हलगर्जीने झालं नसेल तर त्याच्या अनामतीतून तो कापायचाही नाही. मुदत संपल्यावर तोच व्हिडिओ समोर ठेवून पुन्हा खोल्या फिरायच्या, मीटरचा आकडा टिपायचा, किल्ल्या मोजून घ्यायच्या, आणि कापायचं ते लिहून दाखवून उरलेली अनामत भाडेकरूच्या सामानाचा टेम्पो गेटबाहेर पडायच्या आत त्याच्या खात्यात जमा करायची. तो माणूस पुढचं घर याच वॉर्डात शोधत असतो, आणि त्याच्या ओळखीतला पुढचा भाडेकरू दलालीशिवाय येतो.